खाली घेतलेल्या गाडीचे पुढचे शॉकअप: जॅकवर स्प्रिंग ढिली, खड्ड्यात टक्

खानापूर_केए२२
पेट्रोल हॅचबॅक, पुढं मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, एकत्र). ४० एमएम लोअरिंग स्प्रिंग (गाडी तेवढी खाली घेणारी आखूड स्प्रिंग), शॉकअप कंपनीच्या मापाचे नवीन. जांबोटी-चोर्ला रोडला चाक खड्ड्यात उतरून वर येताना टक् असा आवाज येऊलाय, सपाट रस्त्यावर काही नाही. टॉपचा सेंटर नट दोनदा टाइट झाला. जॅक लावला की स्प्रिंग हातानं फिरते. गॅरेजमध्ये म्हणतात, स्प्रिंग खालच्या सीटला (ती टेकते त्या बशीला) तारेनं बांधू. चालेल का?

स्ट्रटवाला_टिळकवाडी
तार नको. नटाला हात लावू नका, त्याचा काही दोष नाही. स्प्रिंग आखूड झाली, शॉकअप मात्र पूर्वीएवढाच उघडतो. चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग सीट सोडते, आणि वर येताना तिचं टोक खाचेत न बसता काठावर आपटतं. तोच तुमचा टक्. तारेनं फार तर आवाज दबेल, स्प्रिंगवर दाब येणार नाही, आणि तार चार दिवसांत घासून तुटेल.

चाक लोंबकळत ठेवून दोन्ही सीटमधलं अंतर मोजा. समजा ते ३१५ एमएम आहे आणि मोकळी स्प्रिंग ३०० ची. म्हणजे १५ एमएम ढिली. उघडल्यावर २५ एमएम आखूड भरणारा शॉकअप घेतला तर अंतर २९० होतं आणि स्प्रिंग १० एमएम दाबलेली राहते. लोअर गाडीसाठी शॉर्ट स्ट्रोक शॉकअप मिळतात, तेच घ्यायचे.

बापू_निपाणी
एवढा खर्च कशाला? बेळगावच्या उद्यमबागेत नायलॉनचा १५ एमएम स्पेसर टर्न करून घ्या, खालच्या सीटवर ठेवा, विषय संपला.

स्ट्रटवाला_टिळकवाडी
बापू, ढिलाई जाईल, पण गाडीही जवळजवळ तेवढीच वर येईल. ४० च्या स्प्रिंगचे पैसे मोजून २५ चं लोअरिंग घ्यायचं असेल तर खुशाल.

खानापूर_केए२२
शॉर्ट स्ट्रोकच घालतो. बसवताना काय काय बघू?

स्ट्रटवाला_टिळकवाडी
गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. स्टॅबिलायझर लिंक, ब्रेक होजचा क्लिप आणि एबीएसची वायर आधी सोडवा. नकलचे (चाक बसतं त्या लोखंडी भागाचे) दोन बोल्ट काढण्याआधी खिळ्यानं खूण करा, कारण वरच्या भोकात थोडी जागा असते आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) तिथंच बदलतो. बोल्ट निघाले की नकल तारेनं बांधून ठेवा (इथं तार चालते). ती होजवर लोंबकळली तर होज जाते, बाहेर झुकली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो.

स्प्रिंग आखूड असली तरी कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) लावाच. दोन हुक समोरासमोर, एकदा इकडे चार आटे, एकदा तिकडे चार. सेंटर नट घट्ट करताना रॉड ऍलन कीनं धरायचा. पकडीनं धरलात तर क्रोमवर ओरखडा पडतो, तो सील कापतो आणि महिन्याभरात तेल गळायला लागतं. नायलॉनचं कडं असलेला नट दर वेळी नवा. स्प्रिंगचं टोक खालच्या सीटच्या खाचेला टेकलं पाहिजे. टॉप बेअरिंग उलटं बसलं तर जागेवर स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग झटका देते. त्या वेळी तिच्यावर हात ठेवलात की कळतं.

नकलचे बोल्ट छोट्या गाड्यांना साधारण ८० ते १०० न्यूटन मीटर लागतात. नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून, आणि तोही टॉर्क पान्यानंच. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट सैल केले असतील तर ते चाकं जमिनीवर टेकल्यावरच आवळायचे. लोंबकळत आवळलेलं बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चिकोडी_डिझेल
बंप स्टॉप (शॉकअपच्या रॉडवरचा रबरी ठोकळा) काढून टाकायचा का? जागा कमी पडते म्हणतात.

स्ट्रटवाला_टिळकवाडी
काढायचा कधीच नाही. तो नसला तर पिस्टन थेट तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि नवा शॉकअपही मरतो. स्प्रिंगवाल्यानं कापायला सांगितलं असेल तर त्यानं सांगितलं तेवढंच कापा. स्प्रिंगची कॉईल (वेटोळं) कापायचा विचारही करू नका. सहा कामाच्या कॉईलमधली एक गेली की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, शिवाय कापलेलं टोक सीटवर एका बिंदूवर टेकतं. गॅस कटर लावला तर पोलादाचं पाणीच उतरतं.

बापू_निपाणी
अलाइनमेंट लगेच करायची का?

स्ट्रटवाला_टिळकवाडी
लगेच, आणि ३०० ते ५०० किमीनंतर परत एकदा, स्प्रिंग बसल्यावर. खाली घेतलं की कॅम्बर निगेटिव्हकडे जातो, पण टायरचं आतल्या बाजूचं रबर खातो तो बिघडलेला टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर, ते). हेडलाइटचा मारा पण तपासून घ्या. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचना बदलण्यावर बंधनं आहेत, ते लक्षात असू द्या.

खानापूर_केए२२
मोजलं. अंतर ३१२, स्प्रिंग ३०० ची. दोन्ही बाजूला सारखंच.

स्ट्रटवाला_टिळकवाडी
मग २२ एमएम तरी आखूड पाहिजे, १२ ढिलाईचे आणि १० दाबाचे. ऑर्डर देताना उघडलेल्या शॉकअपची लांबी विचारा. दबलेली लांबी सांगतील, ती या हिशोबाला कामाची नाही.