मदत हवी आहे: थर्मोस्टॅटचा सेन्सर नक्की कुठे लावू?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीचा. माझ्याकडे कॉर्न स्नेक (पाळीव साप) आहे, काचेच्या टाकीखाली एका टोकाला हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई) आणि सेन्सरवरून तापमान बघून ती चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट ३० डिग्रीवर. काल रात्री दमट हवेने सेन्सरची टेप सुटली, सेन्सर गार लादीवर पडला, मग थर्मोस्टॅटला वाटलं अजून गारच आहे आणि मॅट रात्रभर चालूच राहिली, सकाळी बघतो तर काच ४३ डिग्री! बिचारा पाण्याच्या भांड्यात जाऊन बसलेला. पोटाला भाजलेलं दिसत नाही, पण जीव टांगणीला लागलाय. सध्या मॅट बंदच ठेवलीय.

सेन्सर मॅट आणि काचेच्या मध्ये लावू की आत? आत टेप नको, साप चिकटतो. आणि ३४ ला कट होणारा दुसरा थर्मोस्टॅट सिरीजमध्ये जोडलेला चालेल का, कोणी केलंय का?