मदत हवी आहे: बुडावांगमध्ये मोनोलिथ व्हॅलीला कुठल्या बाजूने जावं?

सिडनीच्या दक्षिणेला, मॉर्टन राष्ट्रीय उद्यानातल्या बुडावांग रांगेत मार्चअखेर दोघं जातोय. पिजन हाऊस शिखर (720 मीटर) चढून झालंय, तिथल्यासारख्या शिड्यांची भीती नाही. कॅसल या डोंगराचा माथा (847 मीटर) वगळलाय. दोराचे टप्पे बायकोला नकोत, आणि वालुकाश्म ओला असेल तर मलाही नकोत. व्हॅलीत मुक्कामाला बंदी आहे, म्हणून तंबू कूयोयो क्रीक या ओढ्यापाशी. नकाशा, होकायंत्र, पीएलबी (संकटात उपग्रहाद्वारे मदत मागायचं यंत्र) सोबत आहे.

नकाशावरून चढ कळतो, पण कड्याखालची वाट कशी आहे ते कळत नाही. पूर्वेकडच्या लाँग गलीहून कॅलियाना रिज या धारेने जाताना मोठी सॅक पाठीवर ठेवून निघता येतं, की जागोजागी उतरवावी लागते? पश्चिमेकडच्या वॉग वॉगकडून लांब पडलं तरी चालेल, पण ते खरंच सोपं आहे का? आणि कोरड्या उन्हाळ्यानंतर कूयोयोला पाणी भरवशाचं असतं का?