छज्जे, पॅरापेट आणि चौरस फुटाचा घोळ

काका, राजेंद्रनगरच्या घराचा दर चौरस फुटावर ठरला आणि आता ठेकेदार छज्जे, पॅरापेट (गच्चीचा कठडा), पाण्याची टाकी वेगळी मोजतोय, असं तुम्ही लिहिलंय. वर उत्तर दिलेल्या दोघांनी त्याला थेट लबाड ठरवलं. मला ते पटत नाही. आपल्या इंदूरात बरेच करार चौरस फूट नेमका कशाचा हे न लिहिताच होतात. छज्जा पूर्ण धरायचा की अर्धा? ‘मापं आयएस १२०० प्रमाणे’ (म्हणजे बांधकामाची मापं घेण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे) एवढी एक ओळ असती तरी बरीच हुज्जत टळली असती. त्यात अगदी बारीकसारीकही ठरलेलं आहे, जसं प्लास्टर मोजताना भिंतीतली ०.५ चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करत नाहीत.

काम थांबवू नका. जादा कामांची यादी, दर, दोघांच्या सह्या, मगच पुढचा हप्ता. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखायचे असतील तर तेही आत्ताच लिहून घ्या, नंतर अडवून धरणं बरं नव्हे.

काम उशिरा झालं तर ठेकेदाराला लावायच्या दंडावर फार विसंबू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारातली रक्कम ही कमाल मर्यादा. कोर्ट वाजवी वाटेल तेवढीच देतं.

आणि हो, स्ट्रक्चरल नकाशे (खांब, तुळया, स्लॅबचे) कराराला जोडलेत ना? नसतील तर पुढचं भांडण सरियावरून, म्हणजे लोखंडी सळ्यांवरून होणार.