माजी सैनिकांनो, व्यासपीठावर न बोललेली तुमची मते कोणती?

निवृत्त_सिग्नलवाला, डिचोली

सप्रेम नमस्कार. लष्कराच्या सिग्नल विभागात २४ वर्षे काढून मी हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आलो. दरवर्षी १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, आमच्या भागातील एक शाळा मला ध्वजवंदनासाठी बोलावते आणि मुलांमध्ये शिस्त व देशप्रेम रुजेल असे चार शब्द सांगावेत, अशी विनंती मुख्याध्यापिका न चुकता करतात. मी बर्फाचे आणि बंकरचे प्रसंग सांगतो, टाळ्या होतात, शाल-श्रीफळ घेऊन घरी येतो; आणि मनात होते त्यातले काहीच बोललो नाही, ही चुटपुट पुढे आठवडाभर राहते.

मी भरती झालो तो पगारासाठी. घरची बागायत दोघा भावांना पुरणारी नव्हती आणि खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून जाण्यापेक्षा भरतीच्या मैदानावर धावणे मला बरे वाटले. देशप्रेम नव्हते असे नाही, पण ते नंतर आले, आणि आले तेव्हाही ते शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या माणसाएवढेच मोठे होते.

दुसरे मत अधिक नावडते आहे. प्रत्येक मुलाला दोन वर्षे सक्तीने सैन्यात धाडावे, असे म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा शेजाऱ्याचा मुलगा असतो. उणे तापमानात तुटलेल्या केबलला जोड द्यायचा तर हातमोजा काढावाच लागतो; आवरण सोलून तांब्याच्या तारा उघड्या करायच्या, त्यांची गाठ मारायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची, आणि एवढे होईपर्यंत बोटांना काही कळेनासे होते. नाइलाजाने आलेला माणूस ती गाठ सैल बांधतो, आणि ती सैल आहे हे रात्री चौकीचा फोन मुका झाल्यावरच समजते. अशा माणसाच्या भरवशावर रात्र काढण्याची माझी तयारी नाही.

जनरलसाहेबांची भेट ठरली की रस्त्याकडेच्या दगडांना गेरू आणि चुना लावण्यात आमचे किती दिवस गेले, ते मात्र मी शाळेत कधीच सांगणार नाही.

आपणापैकी ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना विचारतो: चारचौघांत बोलता न येणारी आपली मते कोणती, आणि ती मुलांपुढे मांडावीत काय?

हँगरमधला_माणूस, वास्को

हवालदारसाहेब, मी नौदलात विमानदुरुस्तीच्या कामावर होतो आणि माझ्या नोकरीचा मोठा भाग दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ या तळावर गेला. तेथे १९८३ साली आलेली सी हॅरियर विमाने मे २०१६ मध्ये निवृत्त झाली, आणि त्यांतील काहींच्या पोटाखाली मी अक्षरशः वर्षे काढली आहेत.

नगरपालिका, कचरा आणि वाहतूक हे सगळे सैन्याच्या हाती द्यावे म्हणजे आठ दिवसांत सुरळीत होईल, असे आमच्या इमारतीतील लोक मला मोठ्या कौतुकाने ऐकवतात. त्यावर माझे मत असे की सैनिक जन्मतः शिस्तीचा किंवा प्रामाणिक नसतो. त्याला तसे राहण्यावाचून गत्यंतर नाही अशी व्यवस्था त्याच्याभोवती असते. आमच्या हँगरमध्ये हत्यारांची फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक स्क्रूड्रायव्हरची आकृती रंगवलेली होती, म्हणजे एखादी जागा रिकामी राहिली तर ती लांबूनही डोळ्यांत भरे. एका संध्याकाळी एक लहान स्क्रूड्रायव्हर सापडेना. विमान तेथेच थांबले, कोणीही घरी गेला नाही, इंजिनाभोवतीची झाकणे पुन्हा उघडली गेली, आणि रात्री दोनच्या सुमारास तो एका नवख्या पोराच्या डांगरीच्या फाटक्या खिशाच्या अस्तरात सापडला. त्या पोराला आपण गुन्हेगार नाही हे ठाऊक होते, तरी त्याचे हात थरथरत होते. आम्हांला सरळ ठेवणारी गोष्ट शौर्य नसून ही भीती होती: आपल्या सहीने उडालेले विमान परत आले नाही तर काय, ही. आपण केलेल्या कामाची दुसऱ्याने तपासणी करून खाली सही करावी हे ज्या कचेरीत कोणालाही खपणार नाही, तेथे सैन्य आणून बसवले तरी फरक पडायचा नाही.

दुसरे मत गोव्यापुरते आहे आणि त्यामुळे माझे जुने सहकारी माझ्यावर रुसलेले आहेत. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास दाबोळीची धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली असे आणि नागरी विमानांना तेवढा वेळ बंद राही. लोक कुरकुर करीत, आणि आमच्यातील काही जण ती कुरकुर थेट देशद्रोहाच्या खात्यात मांडत. सराव आवश्यक होता, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्यांच्या गावातून ती धावपट्टी जाते त्यांनी गैरसोयीबद्दल बोलू नये, असे सांगण्याचा अधिकार वर्दीला कोणी दिला? आता मोपाचा दुसरा विमानतळ सुरू झाल्याने तो वाद बराच निवळला आहे.

सैनिकाची_बायको, सत्तरी

भाऊ, प्रश्न सैनिकांना आहे, पण नोकरी मीही केली आहे, म्हणून लिहिते.

आमच्या ‘ह्यां’ना पत्र पाठवायचे तर नाव, नंबर, युनिट आणि खाली ‘५६ एपीओ’ (लष्कराचे टपाल कार्यालय) एवढाच पत्ता असे. नवरा नेमका कोणत्या डोंगरावर आहे हे पाकिटावरून कळण्याची सोय नव्हती. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या वेळी, वाळपईच्या एसटीडी बूथवर मी रोज संध्याकाळी बसत असे, कारण आमच्याकडे फोन नव्हता आणि आला तर तेथेच येणार होता. बूथवाल्याने त्या दोन महिन्यांत माझ्याकडून बसण्याचे पैसे घेतले नाहीत, ही एवढी एक गोष्ट सोडली तर त्या काळाबद्दल गोड बोलण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

माझे मत असे की आम्हांला त्यागमूर्ती म्हणणे थांबवावे. त्यागमूर्ती म्हटले की तिला मदत करण्याची गरज उरत नाही, हार घातला की काम झाले. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, आणि तीही सलग मिळेलच असे नाही. उरलेल्या दिवसांत मुलाचा ताप, सासूबाईंचे पडणे, पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, बँकेचा मॅनेजर, हे सर्व माझे होते. ‘हे’ पेन्शनवर घरी आले त्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातील डब्यांना लेबले लावली आणि मुलांना सकाळी साडेपाचला उठवू लागले. सतरा वर्षे ज्या घराची मी कमांडर होते तेथे मला एका दिवसात हवालदार करून टाकले. आमचे सर्वांत मोठे भांडण त्या वर्षी झाले, आणि सैनिकांच्या मेळाव्यात त्याबद्दल कोणीच बोलत नाही. प्रत्येक घरात ते झालेले असते, हे मला इतर बायकांकडून ठाऊक आहे.

पलटणवाला_सुभेदार, पेडणे

माझे रंगरूटपण बेळगावच्या मराठा केंद्रात गेले आणि पुढची सगळी नोकरी मराठा पलटणीत. हवालदारसाहेबांचे सक्तीबद्दलचे मत मला शंभर टक्के मान्य आहे, पण पगाराचे मत मी मुलांपुढे मांडणार नाही. चढाईच्या वेळी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आरोळी उठते तेव्हा पगार कोणाच्याही डोक्यात नसतो, हे मी पाहिले आहे. आपण कशासाठी आलो आणि कशामुळे टिकलो या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बारा वर्षांच्या मुलाला पहिलीच लक्षात राहील.

माझे स्वतःचे नावडते मत अग्निपथाविषयी आहे. चार वर्षांपुरते जवान भरती करणारी ही योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हापासून आमच्या मेळाव्यांत तिला फक्त शिव्या ऐकू येतात. चार वर्षे मलाही फार कमी वाटतात. सेक्शनमधील दहा माणसांपैकी अंधारात कोण कसा श्वास घेतो हे कळायलाच दोन वर्षे जातात, आणि जास्तीत जास्त २५ टक्के पोरे कायम होणार म्हटल्यावर सोबतीची जागा चढाओढ घेते. परंतु जुनी पद्धत सोन्याची होती, असे जे चित्र रंगवले जाते तेही खोटे आहे. पस्तिशी-चाळिशीत शिपाई घरी येतो, त्याची मुले तेव्हाच शाळेत असतात, आणि जिल्ह्याबाहेरच्या एखाद्या गेटवर बारा तास उभे राहण्यावाचून त्याला दुसरे काम येत नाही. सेवेची मुदत १७ वर्षांवरून ७ ते १० वर्षांवर आणावी, असे कारगिल आढावा समितीने अग्निपथाच्या कितीतरी आधी सुचवले होते. त्या मधल्या आकड्यावर आमच्यापैकी कोणी तोंड उघडत नाही, कारण एका बाजूला सरकार दुखावते आणि दुसऱ्या बाजूला दोस्त.

कॅन्टीनच्या रमचा हेवा करणाऱ्यांना एवढेच सांगतो की गोव्यात तिच्यासाठी रांगेत उभे राहण्याइतका भावात फरक पडत नाही.

निवृत्त_सिग्नलवाला, डिचोली

सुभेदारसाहेब, पगाराचा मुद्दा मुलांपुढे नको हे पटले; वरच्या वर्गांतील एखाद्याने भरतीविषयी वेगळे विचारले तर त्याला मात्र खरेच सांगेन. ताई, डब्यांच्या लेबलांचा मजकूर मी घरी वाचून दाखवला आणि त्यावर आमच्या सौभाग्यवती बराच वेळ काही न बोलता माझ्याकडे पाहत राहिल्या.

यंदा भाषण करायचेच नाही, असे ठरवले आहे. मासळी बाजारातून बादलीभर बर्फ, दोन-तीन मीटर केबल आणि चिकटपट्टी एवढे साहित्य न्यावे. मुलांनी दोन मिनिटे बर्फात हात बुडवून मग जोड द्यावा आणि दोघांनी दोन बाजूंनी ओढून पाहावा. आवरण मी आधीच सोलून नेईन, म्हणजे सुरी कोणाच्या हातात द्यायला नको. मुख्याध्यापिकांना आज संध्याकाळी विचारतो.