साठीनंतर सगळ्यांचेच कान तपासावेत का?

कानोसा:
आईला आम्ही दोन वर्षं विसरभोळी समजत होतो. "औषध घेतलंस का?" विचारलं तर "बुधवारी" म्हणायची. शेवटी ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्राने ऐकण्याची तपासणी, केली. वरच्या पट्टीतले आवाज गेलेले. स, श, फ नीट पोचतच नव्हते. आवाज येतो, शब्द कळत नाही. बीपीसाठी दर महिन्याला डॉक्टरांकडे जायची, पण कानाचं कुणी विचारलं नाही. माझं मत: साठी उलटली की फॅमिली डॉक्टरांनी वर्षातून एकदा कान बघावेतच. हातभर अंतरावर पाठीमागे उभं राहायचं, एक कान बंद करून दुसऱ्याशी काही अक्षरं-आकडे कुजबुजायचे. दोन मिनिटांचं काम.

ओपीडीकर:
ती दोन मिनिटं कुठून आणू, ते सोडा. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२१ मध्ये, पन्नाशीपुढच्या तक्रार नसलेल्यांसाठी, सरसकट तपासणीच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्याइतका पुरावा नाही असं सांगितलं. दोष सापडतो हो. पुढे काय? कित्येकांचं श्रवणयंत्र खणात पडून असतं.

कानोसा:
पुरावा अपुरा म्हणजे उपयोग शून्य, असं होत नाही. आणि 'तक्रार नसलेले' म्हणजे कोण? आईची तक्रार एकच होती, "तुम्हीच पुटपुटता!"

तिरपागडा:
आता कुणीतरी बहिरेपणा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध काढणारच, म्हणून मीच काढतो. २०२३ ची अचीव्ह ही श्रवणयंत्रांच्या परिणामाची चाचणी: ७० ते ८४ वयाचे ९७७ जण, तीन वर्षं. सगळे मिळून पाहिलं तर श्रवणयंत्राने बुद्धीच्या घसरणीत फरक पडला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी. यंत्र विकणारे फक्त दुसरा भाग ऐकवतात.

ओपीडीकर:
तेच म्हणतोय. सरसकट नको. टीव्हीचा आवाज वाढलाय का, हे घरच्यांना विचारा, आधी कानातला मळ बघा (निम्मी नाटकं तिथेच संपतात), मग चाचणीला पाठवा.

कानोसा:
घरच्यांना विचारायचं हे तरी ठरवून कोण करतं? तपासणीचा नियम हवा तो त्याचसाठी.

तिरपागडा:
आई यंत्र लावते का, ते सांगा ना.

कानोसा:
पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज सहन होईना, काढून ठेवलं. तीनदा जाऊन सेटिंग बदलून आणलं. आता लावते. पाहुणे आले की काढते.

ओपीडीकर:
म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच! त्या तीन फेऱ्या सगळ्यांना कोण घडवणार, एवढंच मी विचारत होतो.