कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक हवेत, की शाळेला फुकटचा बाउन्सर?

फळापुश्या:
अमेरिकेतल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक २ टक्क्यांहून कमी, कृष्णवर्णीय विद्यार्थी मात्र साधारण १५ टक्के. यावर दरवेळी एकच उपाय निघतो: भरती वाढवा. मला तो उलटा वाटतो. रिचर्ड इंगरसोल आणि हेन्री मे या अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवून दिलंय की गोरे नसलेल्या शिक्षकांची भरती १९८० च्या दशकाअखेरपासून चांगली वाढली, पण ते शाळा सोडूनही जास्त जात राहिले. पगारापेक्षा मोठी कारणं दोन: वर्गात मोकळीक नाही, आणि शाळेच्या निर्णयांत कुणी विचारत नाही.

कृष्णवर्णीय पुरुषांच्या माथी आणखी एक काम येतं, शिस्तीचं. शेजारच्या वर्गात पोरगं उलट बोललं की ऑफिसऐवजी 'सरांकडे' पाठवायचं. ते चालू तासाला येऊन मागच्या बाकावर बसतं, सरांचं गणित तिथेच तुटतं. नोंद कुठेच होत नाही, कारण अधिकृतपणे काही घडलेलंच नसतं. तयारीचा मोकळा तास कॉरिडॉर आणि कॅन्टीनच्या ड्युटीत जातो. वर्षअखेरीस मूल्यमापन मात्र शिकवण्याचं! अनेक ठिकाणी मूल्यमापनाला वापरतात त्या डॅनियलसन चौकटीत २२ घटक आहेत, पण दुसऱ्याच्या वर्गातलं पोरगं सांभाळल्याचा वेगळा घटक नाही. जॉन किंग यांनी अमेरिकेचे शिक्षणमंत्री असताना, २०१६ मध्ये, याला 'अदृश्य कर' म्हटलं होतं.

सरळरेघ:
अशैक्षणिक कामं कुणाला चुकलीत? आपल्याकडच्या झेडपीच्या मास्तरांना विचारा, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. आणि गंमत बघा. 'काळ्या मुलांना आदर्श हवा' म्हणून माणूस आणायचा, मग तीच मुलं त्याच्याकडे पाठवली की ओरडायचं! रंग बघून नेमलंत तर काम रंग बघूनच मिळणार. मुलाला चांगला शिक्षक हवा, बस्स.

उणेअधिक:
नुसतं 'चांगला शिक्षक' म्हणून सुटत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या माहितीवर गर्शनसन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे: तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, तर गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलग्यांची हायस्कूल गळती ७ टक्केबिंदूंनी, म्हणजे आधीच्या गळतीच्या ३९ टक्क्यांनी घटली. एकाच शाळेत वर्षागणिक शिक्षकांचं प्रमाण बदलतं, त्याचा आधार घेतलाय. त्यामुळे 'चांगल्या शाळेतच असे शिक्षक असतात' ही पळवाट बंद.

पण फळापुश्या, तुम्हालाही एक टाचणी. प्राथमिकला बहुतेक शिक्षक बायकाच असतात. रंगाचा परिणाम यातून दिसतो; शिक्षक पुरुषच हवा, हे दिसत नाही. पोस्टरवर ३९ टक्के छापून खाली पुरुषाचा फोटो लावणारे हे गाळतात.

जुनीपाटी:
ही माणसं मुळात आली नाहीत, असं समजू नका. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर दक्षिणेतल्या आणि तिला लागून असलेल्या १७ राज्यांत, १९६५ पर्यंत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं एकत्र बसवली, पण काळ्या शाळा बंद केल्या आणि त्यांचा स्टाफ घरी बसवला. गोऱ्या मुलांवर काळा मुख्याध्यापक चालत नव्हता.

सरळरेघ:
अन्याय झाला, मान्य. पण अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या शाळांनी २०२२ च्या शिक्षकांच्या संपानंतरच्या करारात नोकरकपातीच्या वेळी अल्पसंख्य शिक्षकांना ज्येष्ठतेचा नियम बाजूला ठेवून संरक्षण दिलं. १९५४ चं देणं आज एखाद्या सीनियर बाईंनी का फेडायचं?

फळापुश्या:
कारण 'शेवटी आला तो आधी गेला' या नियमात नव्याने भरलेलेच पहिले बाहेर पडतात. तुमची बाजू धरली तर भरतीचा खर्चच पाण्यात.

ते राहू द्या, उद्यापासून करता येण्याजोगं सांगतो. मूल वर्गाबाहेर पाठवताना चिठ्ठी सक्तीची: कुणी पाठवलं, किती वाजता, आधी काय करून पाहिलं. चिठ्ठी नसेल तर घ्यायचं नाही. महिनाअखेरीस मुख्याध्यापकांनी मोजायच्या. एकाच माणसाकडे ढीग दिसला की ड्युटी आळीपाळीने, आणि तरीही तोच हवा असेल तर करारात मानधन. चिठ्ठीत पाठवणाऱ्याचं नाव आलं की पाठवणाराही जरा विचार करतो.

सरळरेघ:
चिठ्ठी चालेल, ती सगळ्याच शिक्षकांना लावा. मानधन रंगावर नको, चिठ्ठ्यांच्या संख्येवर. मिनियापोलिसचं अजूनही पटलेलं नाही.

उणेअधिक:
चिठ्ठ्यांवर मानधन दिलंत तर महिन्याभरात चिठ्ठ्या दुप्पट होतील. ठरावीक रक्कम ठेवा.