एसडब्ल्यूआर उतरला म्हणून खूश होऊ नका

पावसानंतर रेडिओचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) आपोआप २.५ वरून १.४ वर आला, म्हणजे अँटेना आता ‘बसला’, असं कुणीतरी लिहिलंय. मला उलट शंका येते. कोॲक्समध्ये, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलमध्ये, पाणी शिरलं की लॉस वाढतो. जाणारी पॉवर वाटेत जिरते, अँटेनाकडून परतणारीही जिरते, मग मीटरला दिसणार काय? (डमी लोडचा, म्हणजे अँटेनाऐवजी लावायच्या, सगळी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरचा, एसडब्ल्यूआरही झकासच असतो!)

टॉवरवर चढणारच असाल तर केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवून शॉर्ट करा आणि खाली एसडब्ल्यूआर मोजणारा ॲनालायझर लावा. शॉर्टवरून सगळी पॉवर परत येते, म्हणून धड केबलवर एसडब्ल्यूआर भरमसाट यायला हवा. तो ३ च्या आसपास आला तर एकेरी लॉस जवळपास ३ डीबी, म्हणजे निम्मी पॉवर केबलच खातेय. मी अशी एक केबल सोलली तेव्हा कनेक्टरपासून हातभर आतपर्यंत तांब्याची जाळी काळी पडली होती. पाणी जाळीतून सरकत जातं. अशी केबल वाळवत बसू नका, बदलाच. नव्या कनेक्टरवर सेल्फ-ॲमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे बसतात. वर साधी काळी विनाइल टेप, उन्हासाठी. नुसत्या विनाइलवर मात्र विसंबू नका, तिचा गोंद उन्हात सुटतो.